खडूची रेघ आणि देवाचे मासे

सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायचा, सह्याद्रीची एक जाड रेघ ओढायची, डावीकडे आखूड बाण, उजवीकडे लांब बाण, आणि सांगायचं, "हा जलविभाजक. लिहून घ्या." मुलं लिहून घ्यायची आणि मी पुढच्या धड्याला लागायचे.

भाचा प्राणिशास्त्रात एमएस्सी करतोय. त्याच्या खोलीत पलंगापेक्षा माशांच्या टाक्यांनी जास्त जागा व्यापली आहे. एकदा जेवताना म्हणाला, "मावशी, तुझी ती रेघ माशांना कळते का, बघून येऊ या." मेअखेरचा मुहूर्तही त्याचाच. नद्या आटलेल्या असताना मासे कसले बघायचे, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "म्हणूनच." पाच दिवस, आमची जुनी गाडी, पाण्याखाली चालणारा एक चिमुकला कॅमेरा आणि माझ्या गुडघ्यांचा पट्टा एवढ्या सामानावर निघालो.

दिवस पहिला : पुणे ते महाबळेश्वर

मेमधल्या शनिवारी पाचगणीच्या रस्त्याला लागायचं नसतं हे मला माहीत होतं. तरी लागलो. दोन तास गेले, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

थेट क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळातलं गोमुख सगळ्यांनी पाहिलेलं असतं. एकाच धारेतून कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री निघतात ही श्रद्धा. भूगोलाच्या बाईंना त्यातली गंमत अशी दिसते, की कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेकडे जाऊन शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतात आणि सावित्री कड्यावरून उतरून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्रात जाते. कृष्णेचा प्रवास १४०० किलोमीटरचा, सावित्रीचा जेमतेम शंभरेक. माहेर एक, सासरं दोन टोकांना.

देवळाबाहेर करवंदं विकणाऱ्या आजींना विचारलं, मेमध्येही धार चालू कशी? "लग्न होऊन आले तवापास्नं बगते. बारीक हुते, पन बंद न्हाई पडत." भाच्याने पायाखालचा तांबडा दगड दाखवला. जांभा. काळ्या बसाल्टवर जांभ्याची ही टोपी बसलेली आहे. चार महिने कोसळणारा पाऊस ती भोकाभोकांतून पिऊन घेते आणि उरलेले आठ महिने थोडा थोडा सोडते. इथल्या ओढ्यातले मासे या आठ महिन्यांवर जगतात किंवा मरतात. केरळाकडच्या सह्याद्रीत पाऊस दोनदा येतो, कोरडे महिने कमी. प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्या भागाबाहेर कुठेच न सापडणारे, मासे दक्षिणेकडे जास्त आणि आपल्याकडे कमी, याचं एक मोठं कारण हे.

संध्याकाळी आर्थर सीटला गेलो. गर्दी टोप्या उडवून बघण्यात गुंतली होती. आम्ही कड्याच्या दोन्ही बाजू पाहत बसलो. एका बाजूला सावित्रीचं खोरं, बघताना पोटात गोळा येईल असं सरळ तुटलेलं. दुसऱ्या बाजूला जोरचं हिरवं खोरं, कृष्णेचं, त्या मानाने अगदी शांत उताराचं. माझी खडूची रेघ प्रत्यक्षात इथे काही पावलांची होती.

"रेघ जागची हलते, हे मुलांना सांगायचीस का?" भाच्याने विचारलं. सांगायचे, नदीचौर्य हा शब्द परीक्षेत दोन गुणांना यायचा. कोकणात उतरणाऱ्या नद्या उभ्या उताराच्या, त्यामुळे त्या डोंगर मागे मागे कुरतडत येतात. कुरतडता कुरतडता पलीकडच्या ओढ्याचा माथा फोडला, की तो ओढा पश्चिमेकडे वळतो. मात्र पाण्याबरोबर त्यातले मासेही चोरीला जातात, हे मी एकाही वर्गात बोलले नव्हते. घाटाच्या दोन्ही अंगांना काही मासे तेच का सापडतात, याचा एक उलगडा या चोरीत आहे.

*जाणाऱ्यांसाठी :* क्षेत्र महाबळेश्वरला सकाळी आठच्या आत पोचा. कुंडात साबण, निर्माल्य, घरचे कंटाळा आलेले गप्पी किंवा गोल्डफिश असं काहीही सोडू नका. लोक सोडतात, म्हणून लिहिलं.

दिवस दुसरा : पार, आंबेनळी, वाळणकोंड

आंबेनळी घाट उतरण्याआधी पार गावाकडे वळलो. तिथे कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, अजून वापरात. पुलाखाली कोयना म्हणजे खडकांतून जोडलेल्या डबक्यांची माळ. भाचा पालथा पडून कॅमेरा पाण्यात धरून बसला, मी पुलाच्या सावलीत थर्मास उघडला.

अर्ध्या तासाने त्याने मळ्या दाखवला. तळहाताहून लहान, मातकट मासा, दगडाला चिकटलेला. तोंडाखाली गोल चकती असते, तिने खडक धरून ठेवतो. पावसाळ्यात याच जागी हत्ती वाहून जाईल असं पाणी असतं, त्यात या चिमुरड्याचा निभाव त्या चकतीवर लागतो. त्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्ल्या. मराठी नाव लॅटिनात गेलं ते कर्नल साइक्समुळे. मुंबई इलाख्यात पाहणी करत फिरणाऱ्या या अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनचे मासे नोंदवले आणि नावं कोळ्यांकडून ऐकली तशीच उचलली: मुल्ल्या, कोलस, सिंघाला, मूरेह, नुक्ता. नुक्ता म्हणजे 'नकटा' असावा, असा माझा अंदाज. त्याच्या नाकाडावर टेंगूळ असतं. कृष्णेच्या खोऱ्याबाहेर तो जगात कुठे नाही आणि खोऱ्यातही आता फार थोड्या ठिकाणी उरलाय.

पारच्या रामवरदायिनीचं दर्शन घेऊन घाटाला लागलो. दीड तासात थंड हवेतून भट्टीत. पोलादपूरला काचा खाली केल्या आणि लगेच वर केल्या. महाडला चवदार तळ्यावर थांबलो. पाण्याच्या प्रवासात तिथे न थांबता पुढे जाणं बरं दिसलं नसतं. मग बिरवाडीवरून वाळण.

वाटेत काळ नदी दिसत होती, म्हणजे गोटे दिसत होते. पांढरे पडलेले, तापलेले गोटे, मधेच एखादं शेवाळलेलं डबकं. आणि मग झुलत्या पुलावरून खाली बघितलं तर खोल, काळपट हिरवं पाणी. हा कोंड. खडकात शतकानुशतकं घुसळून झालेला डोह, ज्याचा तळ मेमध्येही उघडा पडत नाही. काठावर वरदायिनीचं ठाणं. सकाळी घाटावर एक वरदायिनी, आता घाटाखाली दुसरी. देवीलाही जलविभाजक अडवू शकलेला नाही.

पायरीवर एक आजोबा कुरमुऱ्यांच्या पुड्या घेऊन बसले होते. मी "चुरमुरे द्या" म्हटल्यावर त्यांनी माझी पुण्याची म्हणून नोंद केली. मूठभर टाकले. आधी बोटाएवढे मासे आले. मग वीतभर. मग खालून एक सावली वर आली आणि पाणी फाकलं: महसीर, लहान मुलाच्या उंचीचा, सोनेरी खवल्यांवर ऊन घेऊन, कुरमुरे तोंडात ओढून परत खाली. मी "अगं बाई" म्हणाले तेवढंच.

"पकडत नाही कोणी?"

"देवीचं मासं. हात लावत नाय कोन. खालच्या अंगाला, हद्दीभायेर, तिकडचं तिकडं," आजोबा म्हणाले.

मेचा मुहूर्त का, ते आता कळलं. आख्खी नदी आटून या एका डोहात आली होती. जून उजाडला की हेच मासे पसरणार, चढणार, अंडी घालणार आणि पुढच्या मेपर्यंत जे कुठल्यातरी कोंडात पोचतील ते वाचणार. मासा कुठे आहे हे पाहायचं तर नदीचा पावसाळ्यातला नकाशा उपयोगाचा नाही, उन्हाळ्यातला काढावा लागतो. तसा नकाशा मी कधीच फळ्यावर काढला नाही. पाठ्यपुस्तकातली प्रत्येक नदी बारमाही निळी.

रात्री महाडला लॉजवर पंखा गरम हवा फिरवत होता, झोप नव्हती, तेव्हा भाच्याने महसीरची दुसरी गोष्ट सांगितली. साइक्सने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून नोंदवलेला महसीर म्हणजे टॉर खुद्री. गेल्या शतकात सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याला त्याची पैदास झाली आणि मासा वाचवायचा या चांगल्या हेतूने पिल्लं दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीतही. तिथे आधीपासून पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वात मोठ्या महसीरांपैकी एक राहत होता. आपल्याकडच्या पाहुण्याने जागा बळकावली आणि तो मागे हटत गेला. त्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. बारसं आणि काळजी एकदमच.

*जाणाऱ्यांसाठी :* आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी पडतात, निघण्याआधी चौकशी करा. वाळणला मोबाइलची रेंज येते-जाते. डोहात उतरू नका. ब्रेड, बिस्किटं, शेव असलं माशांना घालू नका.

दिवस तिसरा : महाड ते आंबोली

हा दिवस रस्त्याचा. पण मोजायचा खेळ काढला म्हणून बरा गेला. महामार्गावर प्रत्येक पूल आला की मी नदीचं नाव सांगायचं आणि भाच्याने पाणी आहे की नाही ते लिहायचं. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना... बहुतेकांपुढे त्याने 'डबकी' लिहिलं.

"या सगळ्या एकमेकींच्या शेजारी राहतात," तो म्हणाला, "पण गोड्या पाण्यातल्या माशासाठी प्रत्येक नदी हे एक बेट आहे." वर डोंगर, खाली खारं पाणी. सावित्रीतल्या मळ्याला वाशिष्ठीत जायचं तर समुद्रातून जावं लागेल आणि मीठ त्याला मारेल. मग काही मासे चार-पाच नद्यांमध्ये सारखेच कसे? एक उत्तर परवाचं, नदीचौर्याचं. दुसरं असं, की हिमयुगात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. आज समुद्राखाली असलेल्या सपाटीवर तेव्हा जमीन होती आणि शेजारच्या नद्या पुढे जाऊन एकमेकींना मिळू शकत होत्या. मग पाणी वर आलं आणि दारं मिटली.

वाशिष्ठीचं पाणी मात्र 'डबकी'त बसेना. चिपळूणच्या पुलाखाली मेमध्ये भरलेली, वाहती नदी. हे पाणी वाशिष्ठीचं नव्हेच, परवा गोमुखात पाहिलेल्या कोयनेचं. कोयनेने पूर्वेला कऱ्हाडकडे जायचं, पण धरणाचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरवून वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. सावित्रीला जे करायला लाखो वर्षं लागतात ते आपण १९६०च्या दशकात करून मोकळे झालो. माझ्या नकाशात हा बाण कधीच नव्हता. सव्वीस वर्षांतल्या पोरांची मी इथे माफी मागते.

कुडाळला सुरमईची थाळी. भाचा गोड्या पाण्यातलं काही खात नाही, समुद्रातलं चालतं. तत्त्वनिष्ठेची सीमा खाडीच्या मुखाशी आहे म्हणायची. सोलकढी तीन वेळा मागितली.

दाणोलीला, घाट चढायच्या आधी, चहाला थांबलो. टपरीच्या मागे एक काका पाग, म्हणजे फेकायचं जाळं, सांधत बसले होते. भाचा त्यांच्याशेजारी जाऊन बसला तो उठेचना. विषय चढणीचे मासे. पहिल्या जोरदार पावसात नदीचं पाणी शेतात शिरतं आणि मासे प्रवाहाच्या उलट, ओढ्यांतून, वहाळांतून वर चढतात. रायगडकडे यालाच वलगण म्हणतात.

"कुठपर्यंत चढतात, काका?"

"धबधबो इलो की थांबतत. वर खय जातले? पंख थोडेच आसत!" त्यांनी हनुवटीने घाटाकडे खूण केली.

"पोटात गाबोळी असते ना तेव्हा?" मी विचारलं.

"असता मा. म्हणानच तर चव येता."

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार. कारण त्यांनी पाग खाली ठेवला आणि सांगितलं, की पूर्वी घरापुरते धरायचे, आता लोक बॅटऱ्या लावतात, विजेचा झटका देतात, कुठे विष टाकतात. मग भाच्याला म्हणाले, "नंबर देवन जा. चडले की फोन करतंय."

दिवस चौथा : हिरण्यकेशी

आंबोलीत पहाटे जाग आली ती थंडीने. दोन दिवस भाजून निघाल्यावर चादर मागवावी लागली. न्याहारीला घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. जिथे राहिलो तिथल्या काकूंनी वर नाचणीची भाकरी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत, "देवाक जाताय मां" म्हणून.

हिरण्यकेशीचं देऊळ गावापासून थोडं आत, झाडीत. एक गुहा, आत शंकर-पार्वती, गुहेतून झिरपत येणारं पाणी आणि समोर कुंड. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वर पुन्हा तोच जांभा, इथल्या भाषेत सडा. गोमुखाची आणि या गुहेची चाल एकच. बूट काढून कुंडाच्या काठावर बसलो तर पाणी बर्फासारखं.

भाचा म्हणाला, "हलू नको." दहा मिनिटं मी हलले नाही. हे माझ्या गुडघ्यांना विचारा.

मग तळाच्या वाळूवर एक काडी सरकली. बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगावर उभे गडद पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. सरकली, थांबली, दगडाखाली गेली. एवढंच दर्शन. शिस्तुरा हिरण्यकेशी. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याला देवाचा मासा म्हणत आले. विज्ञानाने त्याला नाव दिलं २०२० साली, प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रह्मण्यम यांनी. दुसऱ्याच वर्षी सरकारने देवळाभोवतालची २.११ हेक्टर जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. एका माशासाठी, आणि तोही इतका इवलासा की वाळणच्या महसीरने जांभई दिली तर आत जाईल.

मला हे दोन मासे एकत्र डोळ्यांसमोर येत राहिले. महसीर पोहणारा गडी. पुरात मैलोन्‌मैल वर चढणारा, जागा मिळाली तर परक्या नदीतही संसार थाटणारा. ही काडी तळाशी सरपटणारी. तिला थंड, प्राणवायूने भरलेलं, सतत हलतं पाणी हवं. खाली उतरावं तर पाणी कोमट, संथ होत जातं आणि मोठी तोंडं वाढत जातात. वर तर गुहाच. मग तिच्यासाठी जग एवढंच. माझी खडूची रेघ महसीरसाठी उंच होती. या काडीसाठी त्याच डोंगरावरचा शेजारचा ओढासुद्धा परदेश.

नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या माशांची मोजदाद छापली, त्यात २८८ जाती होत्या आणि त्यांतल्या ११८ फक्त इथल्याच. त्यानंतरही नव्या सापडतायत, आणि सापडतात त्या बहुतेक अशा चिमुकल्या, ज्यांना आपण ओढा ओलांडताना पायाखाली घालतो.

एक गृहस्थ कुंडात पाय धुवायला उतरले. मी बाईंच्या आवाजात "अहो!" केलं. सवय आहे. ते वर आले. भाच्याने मग त्यांना शांतपणे मासा दाखवला, आणि गृहस्थ पंधरा मिनिटं तिथेच उकिडवे बसून राहिले, पोरांना हाका मारून बोलावलं. माझ्या "अहो!"पेक्षा ते परिणामकारक होतं.

दुपारी चारला आभाळ अंधारलं आणि वळीव कोसळला, गारांसकट. घाटातला धबधबा, जो सकाळी ओला डाग होता, तो तासाभरात खरा झाला. हे पाणी पश्चिमेला, कोकणात. आम्ही सकाळी बसलो होतो ते कुंडाचं पाणी पूर्वेला, घटप्रभेतून कृष्णेला. अंतर गाडीने काही मिनिटांचं.

*जाणाऱ्यांसाठी :* वारसास्थळात मासे पकडायला मनाई आहे, हौसेने ओंजळीत घेऊन फोटो काढणंही नको. सकाळी लवकर जा, गर्दीने पाणी ढवळलं की काही दिसत नाही. गरम कपडे मेमध्येसुद्धा असू द्या. जळवा पावसाळ्यात भरपूर. मीठ न्या, पण पाण्यापासून लांब वापरा.

दिवस पाचवा : आजरा, गडहिंग्लज आणि घर

परतीला हिरण्यकेशीच्या काठाकाठाने उतरलो. आजऱ्याजवळ रामतीर्थाला नदी खडकांवरून छान खेळते. त्यापुढे तिचं रूप बदललं: बंधारा, मागे तुंबलेलं हिरवं पाणी, पुन्हा बंधारा. कोल्हापुरी बंधारे. पावसाळा संपताना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात, जूनच्या तोंडावर काढतात. बरगे वेळेत निघाले तर माशांना वर जायला वाट मिळते, नाही तर ही दाणोलीच्या धबधब्याचीच लाकडी-लोखंडी बहीण.

अशाच एका बंधाऱ्यावर जाळं घेऊन उभ्या असलेल्या पोरांच्या बादलीत डोकावलो. सगळी चिलापी. आफ्रिकेतला मासा, गरम पाणी चालतं, तुंबलेलं चालतं, घाण चालते. "दुसरं काय घावत न्हाई काय?" भाच्याने त्यांच्या ढंगात विचारलं. "घावतंय की, कटला, रव. खडशी आमचा आज्जा सांगतोय, आमी बघिटली न्हाई." खडशी म्हणजे महसीरच. भाच्याने फोनवर वाळणचं चित्रण दाखवलं. पोरांनी ते तीनदा पाहिलं आणि मग त्यातल्या धाकट्याने विचारलं, "हे हितं सोडलं तर ऱ्हातंय काय?"

भाच्याने कावेरीची गोष्ट काढली. मी जेवायला पुढे गेले, कारण भूक लागली होती आणि गोष्ट लांब आहे. घनसाळ तांदळाचा भात, त्यावर आमटी. वास अंगणापर्यंत येत होता. पाच किलो तांदूळ बांधून घेतला. गाडीत पुण्यापर्यंत तोच दरवळ होता, आणि मागच्या सीटवर वाळत घातलेल्या भाच्याच्या मोज्यांचाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेदहाला, भाच्याच्या फोनवर दाणोलीचा नंबर आला. मागे पाऊस इतका वाजत होता की त्याने आवाज मोठा करून फोन माझ्यासमोर धरला.

"चडले," काका म्हणाले. "आज पाग घेवक नाय. नुसतो बघूक इलंय."